मधली दोन वर्षे

थोरल्या काकांचा मुलगा, ज्याला आम्ही सारी भावंडे दादा म्हणतो, तो आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्याच्या मागोमाग मी कॉलेजची पायरी चढले. २०२३ साली तो नागपूरच्या एका खासगी कचेरीत मुलाखतीला गेला, तेव्हा समोरच्या साहेबांनी बायोडाटा चाळून एवढेच विचारले, "२०२० मध्ये बी. ए. झालात, मग पुढची दोन वर्षे काय केले?" दादा गप्प बसला. नोकरी अर्थातच मिळाली नाही. घरी येऊन म्हणाला, "काय सांगू त्यायले? कापूस येचत होतो म्हून सांगू?"

कोरोनाच्या काळात पदवी घेतलेल्या कितीतरी मुलामुलींना हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि अजूनही विचारला जातो. तेव्हा हा खंड मुळात पडला कसा, आणि तो कागदावर मांडावा कसा, हे समजून घ्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निकाल २८ ऑगस्टला लागला. दादाने आपले पेपर ऑक्टोबरात मोबाईलवर, रेंज मिळावी म्हणून गावामागच्या टेकाडावर बसून दिले. त्या पदवीला लोक अजून 'कोरोनाची डिग्री' म्हणून हिणवतात. परीक्षा कशी घ्यायची हे दादाने ठरवले नव्हते, पण टोमणा मात्र त्याच्याच वाट्याला आला.

पुढे नोकरभरतीचे दारही बंद होते. राज्य शासनाने ४ मे २०२० च्या निर्णयाने आरोग्यासारखी खाती वगळता नवी भरती थांबवली. लोकसेवा आयोगाची एप्रिल २०२० मधली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. ११ मार्च २०२१ रोजी, परीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना, ती आणखी एकदा लांबल्याचे कळले आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले. अखेर ती २१ मार्चला झाली. दादाचा डोळा पोलीस भरतीवर होता. ज्या भरतीत तो उतरला तिची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत धावण्याचा सराव कधी चालू, कधी बंद. त्याचे गुण लेखी परीक्षेच्या यादीत येण्याइतके भरले नाहीत.

या काळात अनेकांचे वय निघून गेले. ते ध्यानात घेऊन शासनाने १७ डिसेंबर २०२१ रोजी, १ मार्च २०२० नंतर वयोमर्यादा ओलांडलेल्यांना आणखी एक संधी दिली. ३ मार्च २०२३ च्या निर्णयाने त्या वर्षअखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी कमाल वयात दोन वर्षांची सूट मिळाली. ती मुदत आता सरली आहे. माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, ही वर्षे उमेदवाराच्या आळसाने गेली नाहीत हे शासनाने लेखी मान्य केले. खासगी मालकाला असा निर्णय लागू नसतो. तिथे आपले आपणच बोलावे लागते.

साथीने माणसाची घडी विस्कटावी, हे महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वर्षानुवर्षे हटला नाही. दादासाहेब फाळके त्या सुमारास गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा करीत होते. प्लेगने त्यांची पत्नी व मूल गेले आणि तो धंदाही सुटला. पुढे नकाशे काढण्याची नोकरी, मग छपाईचा व्यवसाय, अशी वळणे घेत ते १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पोचले. फाळक्यांचे मोठेपण आपल्याला कोठून येणार! पण त्यांचा बायोडाटा आज कुणी पाहिला असता, तर मधल्या वर्षांवर बोट ठेवलेच असते.

मी आमच्या सरांना दादाची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "त्या दोन वर्षांत तो सकाळी उठून काय करायचा, ते महिन्यावार लिहून आण." आम्ही दोघे वही घेऊन बसलो. २०२० च्या उन्हाळ्यात, अजून पेपर व्हायचे होते तेव्हा, कापूस खरेदी केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या घेत, आणि आधी नाव नोंदवावे लागे. गावातल्या चाळीसेक घरांची नोंदणी दादाने केली होती. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक असे सारे कागद जुळवून. पदवीनंतरचे दोन्ही हंगाम तो हेच करीत राहिला. २०२१ मध्ये लसीकरणाला म्हाताऱ्यांची नावे त्याच्याच मोबाईलवरून गेली. काका आजारी पडले तेव्हा वेचाईचा हिशेब, मजुरांचा चुकारा, गाडीभाडे, सगळे त्याच्याकडे आले. जुन्या बायोडाटात यातले अक्षरही नव्हते. तिथे नुसती कोरी जागा होती, आणि कोऱ्या जागेत समोरचा माणूस आपल्याला हवे ते वाचतो.

नव्या कागदावर आम्ही महिना व साल घालून काम लिहिले, किती घरांचे ते लिहिले आणि सरपंचांचे पत्र जोडले. न केलेला कोर्स घालू नये, हे सरांनी बजावले होते. एका ओळखीच्याने तशी प्रमाणपत्रे विकत मिळतात असे सुचवलेही होते. नुसते 'कोरोनामुळे' असे लिहून थांबण्यातही अर्थ नाही, कारण कोरोना सर्वांनाच होता. ज्यांना पुन्हा शिकायचे आहे त्यांनी प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते का ते आधी विचारून घ्यावे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची वाटही आहेच.

खंडाने काही नुकसान झालेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दादाचा लिहिण्याचा हात गेला. तीन तास बसून पेपर लिहिणे त्याला आजही जड जाते, आणि पोलीस भरतीचे वेड अजून मनातून गेलेले नाही.

गेल्या हंगामात तो एका जिनिंगमध्ये काट्यावरच्या जागेसाठी गेला. मालकांनी बायोडाटा वाचला, चाळीस घरांच्या ओळीवर थांबले आणि विचारले, "कापसात ओल किती चालते?"

दादा म्हणाला, "आठ टक्के. बारापर्यंत घेतात, पण भाव कापून."

"सोमवारपासून या," मालक म्हणाले.