शिरेलगतचा खडक

देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइटच्या माळावर पांढऱ्या गारेचे पट्टे खडकातून आरपार गेलेले दिसतात. मुले गारगोटी उचलतात आणि तिला चिकटून आलेला तांबूस खडक फोडून टाकतात. भूवैज्ञानिक मात्र तोच तुकडा जपून ठेवील.

शीर म्हणजे खडकाच्या भेगेत खनिजे साचून झालेला पट्टा. खोलवरचे उष्ण पाणी भेगेतून वर येताना थंड होते व त्यात विरघळलेली सिलिका गारेच्या रूपाने साचते. पण हे पाणी भेगेच्या भिंतीही पालटून टाकते. फेल्स्पारचे बारीक अभ्रक किंवा चिकणमाती होते, काळ्या अभ्रकाचे हिरवे क्लोराइट होते. म्हणून शिरेलगतचा खडक कधी फिकट, कधी हिरवट दिसतो. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या खाणीत तर सोने केवळ गारेत नाही, अशा पालटलेल्या भिंतीतही सापडते. नुसती शीर पाहणाऱ्याच्या हातून ते निसटलेच असते!

लातूरकडे सर्वत्र काळा बेसाल्ट. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनछिद्रात तो सुमारे ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक. बेसाल्टच्या वायुपोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट भरलेले असतात. त्यांची सामग्री बहुतांशी दुरून आलेली नाही. झिरपत्या पाण्याने ती भोवतालच्या बेसाल्टमधूनच विरघळवून घेतली.

विरघळवण्याचे हे काम आजही चालू आहे, आपल्या विहिरींत. ग्रॅनाइटमधील अभ्रक, ॲपेटाइट यांसारख्या खनिजांत थोडे फ्लोराइड असते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही, कारण दोघांचे मिळून न विरघळणारे फ्लोराइट बनते. कॅल्शियम कमी असलेल्या, भेगांत दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात मात्र फ्लोराइड साठत जाते. नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळले आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, तर शाळेच्या बोअरचे पाणी तपासून घ्यावे. असे पाणी चवीने ओळखू येत नाही, आणि उकळल्यानेही फ्लोराइड जात नाही.