ओस्लोची आंबट कॉफी आणि कागदी गाळणी

ओस्लोच्या ग्रुनरलोक्का भागात एका कोपऱ्यावर टिम वेंडेलबो यांचे लहानसे कॉफीचे दुकान आहे. मुलीकडे पहिल्यांदाच राहायला आलेली एखादी पुणेकर आई इथे येऊन बसते, तेव्हा समोर आलेला पेला पाहून तिला ती कॉफी वाटतच नाही. रंग तांबूस, बिनदुधाच्या चहासारखा. वर फेस नाही, सोबत साखर नाही. ती साखर मागणार एवढ्यात मुलगी म्हणते, "आई, आधी एक घोट तशीच घेऊन बघ." घोट घेतला की लागतो तो आंबटपणा, कडू कमी आणि एखाद्या फळाच्या रसासारखी चव जास्त. "अगं, ही नासली आहे का?" हा प्रश्न या दुकानांत अनेक भारतीय पाहुण्यांच्या मनात येऊन गेलेला असतो.

कॉफी नासलेली नसते. ती हलकी भाजलेली असते. स्कँडिनेव्हियात जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता बरीच आहे. आयटीतील नोकरीमुळे मुले स्टॉकहोम, कोपनहेगन, ओस्लोत स्थायिक होतात आणि आईवडील व्हिसाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे जवळपास तीन महिने, तिथे राहतात. यातल्या अनेकांना कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असते. म्हणून ही दुकाने कुठे आहेत, याबरोबरच तिथे काय मागवावे आणि मुलाच्या घरी रोज कशी कॉफी प्यावी, हेही माहीत असलेले बरे.

हलकी भाजणे म्हणजे काय?

कॉफीच्या हिरवट बिया भाजताना तापमान साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की आतल्या वाफेने बी तडकते. लाह्या फुटताना होतो तसा आवाज येतो. याला 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. यानंतर थोड्याच वेळात भाजणे थांबवले की 'लाइट रोस्ट' मिळतो. पुढे भाजत राहिले तर बी काळी पडते, तेल पृष्ठभागावर येते आणि कडवटपणा वाढतो. हलक्या भाजलेल्या बियांत सायट्रिक, मॅलिक अशी फळांत असणारी आम्ले टिकून राहतात. तो आंबटपणा यांचाच. क्लोरोजेनिक आम्ले ही अँटिऑक्सिडंट गुणाची द्रव्येही हलक्या भाजणीत जास्त शिल्लक राहतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रंगाने फिकी म्हणजे कॅफीन कमी, असे नाही. भाजताना कॅफीन फारसे नष्ट होत नाही. उलट हलकी भाजलेली बी जास्त घट्ट असल्याने चमच्याने मोजून घेतली तर तिच्यातून थोडे जास्तच कॅफीन पोटात जाऊ शकते. फिकी दिसते म्हणून चार पेले रिचवणाऱ्याला रात्री छताकडे बघत पडावे लागते.

कुठे प्यावी?

स्कँडिनेव्हियाचा या कॉफीवरचा हक्क जुना आहे. जागतिक बरिस्ता स्पर्धा २००० मध्ये सुरू झाली. २००६ पर्यंतच्या पहिल्या सात स्पर्धांपैकी सहा नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी जिंकल्या. पहिले विजेते रॉबर्ट थोरेसेन यांनी १९९७ मध्ये ओस्लोच्या सांक्ट हान्सहाउगेन भागात 'जावा' हे दुकान सुरू केले. टिम वेंडेलबो २००४ चे विजेते. त्यांचे दुकान २००७ चे. तिथे खायला फारसे काही मिळत नाही, जायचे ते कॉफीसाठीच. जवळच 'सुप्रीम रोस्टवर्क्स' आहे. शहराच्या मध्यभागी 'फुग्लेन' हे १९६३ पासूनचे दुकान जुन्या नॉर्वेजियन फर्निचरने सजलेले आहे, आणि आवडल्यास ते फर्निचर विकतही मिळते. फ्योर्ड पाहायला बर्गनला जाणाऱ्यांनी 'काफेमिशोनेन'मध्ये डोकवावे.

कोपनहेगनमध्ये 'कॉफी कलेक्टिव्ह'चे नाव आधी घ्यावे लागते. २००६ चे जगज्जेते क्लाउस थॉमसन हे तिच्या संस्थापकांपैकी एक. नोरेब्रो भागातले त्यांचे पहिले दुकान छोटे आहे. तेवढे लांब जायचे नसेल तर नोरेपोर्ट स्टेशनजवळच्या 'तोर्वेहालर्ने' या मंडईतही त्यांची कॉफी मिळते. डेन्मार्कच्याच ओरहुस शहरात 'ला काब्रा' २०१२ मध्ये सुरू झाले. तिथली भाजणी या साऱ्यांत बहुधा सर्वांत हलकी म्हणून ओळखली जाते.

स्टॉकहोमच्या सोडरमाल्म बेटावर 'ड्रॉप कॉफी' आणि 'योहान अँड न्यूस्ट्रोम' ही दोन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गोथेनबर्गमध्ये 'दा मातेओ' आहे. स्वीडनमध्ये कॉफीबरोबर 'फिका' येतो. फिका म्हणजे काम थांबवून गप्पा मारत घेतलेली कॉफी आणि सोबत काहीतरी गोड. वेलदोड्याचा सुगंध असलेला स्वीडिश बन मराठी जिभेला लगेच आपलासा वाटतो. मात्र मधुमेहींनी लक्षात ठेवावे की, बिनसाखरेच्या काळ्या कॉफीने साखर वाढवण्याची चिंता नाही, पण तो बन साखर आणि मैद्याचाच आहे. दोघांत एक घेतला तर दोघांचीही हौस भागते.

या सर्व ठिकाणी फलकावर एस्प्रेसो, कापुचिनो असतात. पण इथली खासियत चाखायची असेल तर 'फिल्टर' मागवावी, बिनदुधाची. आरोग्याच्या दृष्टीनेही हाच पर्याय चांगला का, याचे उत्तर नॉर्वेच्या अगदी उत्तरेला सापडले.

ट्रॉम्सोने काय दाखवले?

ध्रुववृत्ताच्याही वर असलेल्या ट्रॉम्सो शहरातील हृदयविकाराच्या पाहणीचा एक निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचौदा हजारांवर स्त्री-पुरुषांच्या तपासणीत असे दिसले की, कॉफीचे कप जितके जास्त तितके रक्तातील कोलेस्टेरॉल जास्त. जगात इतरत्र मात्र हा संबंध इतका स्पष्ट दिसत नव्हता. मग नॉर्वेतच असे का?

फरक कॉफी करण्याच्या पद्धतीत होता. तिथे तेव्हा अनेक घरांत 'कोककाफे' पीत. जाडसर दळलेली कॉफी थेट किटलीत टाकून उकळायची, चोथा खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी ओतून घ्यायचे. कॉफीच्या बियांत तेल असते. त्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही दोन द्रव्ये असतात. उकळलेल्या कॉफीबरोबर ती पोटात जातात आणि यकृताच्या कोलेस्टेरॉल हाताळण्याच्या कामात अडथळा आणतात. परिणामी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढते. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये केलेल्या प्रयोगात तीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून दिली, तेव्हा कोलेस्टेरॉलची वाढ दिसली नाही. तेल कागदात अडकले होते. शेजारच्या फिनलंडमध्येही लोक उकळलेल्या कॉफीकडून गाळलेल्या कॉफीकडे वळले. तिथले कोलेस्टेरॉल घटण्याच्या अनेक कारणांत हेही एक मानले जाते.

अडवणारा कागद साधाच. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, ते कॉफीत चोथा येऊ नये म्हणून. हृदयाचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

फरक किती मोठा, हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून कळते. कागदातून गाळलेल्या एक लिटर कॉफीत कॅफेस्टॉल सुमारे १२ मिलिग्रॅम. कार्यालयांतील, धातूची जाळी असलेल्या यंत्रांच्या कॉफीत सुमारे १७६ मिलिग्रॅम. आणि उकळलेल्या कॉफीत ९०० मिलिग्रॅमहून अधिक. म्हणजे भाजणी हलकी की गडद, यापेक्षा मध्ये कागद आहे की नाही, हे कोलेस्टेरॉलसाठी कितीतरी महत्त्वाचे.

नॉर्वेतील पाच लाखांहून अधिक लोकांचा सरासरी २० वर्षे पाठपुरावा करून २०२० मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, आणि सर्वांत कमी रोज एक ते चार कप गाळलेली कॉफी घेणाऱ्यांत. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. त्यावरून कॉफीला औषध म्हणता येणार नाही. कॉफी न पिणाऱ्याने यासाठी ती सुरू करण्याचेही कारण नाही.

तीन महिन्यांचा हिशेब

खरा प्रश्न दुकानातल्या एका पेल्याचा नसतोच. डोंगरात सहलीला गेल्यावर शेकोटीवर उकळलेली कॉफी एकदा-दोनदा प्यायल्याने काही बिघडत नाही. एखाद्या एस्प्रेसोचेही तसेच. ती कागदातून गाळलेली नसते, पण तिचे प्रमाण थोडे असते. प्रश्न आहे तो मुलाच्या घरी रोज सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या फ्रेंच प्रेसचा. काचेच्या भांड्यात कॉफी भिजवून वरून जाळीचा दट्ट्या दाबायचा, ही ती पद्धत. जाळी चोथा अडवते, तेल अडवत नाही. १९९६ च्या एका डच अभ्यासात रोज पाच-सहा कप अशी कॉफी सुमारे सहा महिने घेणाऱ्यांचे एलडीएल, गाळलेली घेणाऱ्यांच्या तुलनेत ९ ते १४ टक्क्यांनी वाढलेले आढळले.

अशा वेळी मायदेशी परतल्यावर रक्त तपासले, एलडीएल वाढलेले दिसले, तर खापर चीज-लोण्यावर फुटते आणि गोळीचा डोस वाढतो. डॉक्टरांनी "कॉफी कशी करता?" असे विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे. स्वतःहून गोळी कमी-जास्त करू नये. मुलाच्या घरी फ्रेंच प्रेसच असेल तर त्यातली कॉफी कपात घेताना कागदी फिल्टरमधून ओतली तरी काम भागते.

किती, केव्हा, किती गरम?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेणे सुरक्षित आहे. गर्भवतींसाठी दिवसभराची मर्यादा २०० मिलिग्रॅम. फिल्टर कॉफीच्या २०० मिलिलिटर कपात साधारण ९० मिलिग्रॅम कॅफीन असते. एका दिवसात तीन दुकाने फिरायची असतील तर एक पेला दोघांत घ्यावा. छातीत धडधडणे, हात कापणे, आम्लपित्त असा त्रास होणाऱ्यांची मर्यादा यापेक्षाही कमी असते.

झोपेचा हिशेब वेगळा. झोपण्याआधी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचे एका प्रयोगात दिसले आहे. त्यात उन्हाळ्यात ओस्लोची घड्याळे भारताच्या साडेतीन तास मागे. तिथे दुपारचे चार वाजलेले असताना नुकत्याच पोचलेल्या पाहुण्याच्या शरीराचे साडेसात झालेले असतात. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो, त्यामुळे उशीर झाल्याचे कळतही नाही. पहिल्या आठवड्यात कॉफी दुपारच्या जेवणापूर्वीच उरकलेली बरी.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफीआधी किमान अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. कॉफीमुळे गोळीचे शोषण कमी होते. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच कॉफी टाळावी, कारण अन्नातील लोह तिच्यामुळे कमी शोषले जाते.

आणि कॉफी निवू द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफीवरचा संशय मागे घेतला, पण ६५ अंशांहून अधिक गरम कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असे म्हटले. हलक्या भाजलेल्या कॉफीची चव निवता निवताच उमलते. या दुकानांतला बरिस्ताही "थोडे थांबा" असेच सांगतो.

परतताना बियांचे पाकीट सगळेच घेतात. त्याबरोबर कागदी फिल्टर आणि ते बसवायचे साधे नरसाळेही घ्यावे. ते भारतातही मिळते. घरचा दाक्षिणात्य पद्धतीचा फिल्टर धातूचा असतो. नाव एकच असले तरी कागदासारखे तेल तो अडवत नाही. इन्स्टंट कॉफीत हे तेल नगण्य असते, त्यामुळे ती पिणाऱ्यांना कोलेस्टेरॉलपुरती चिंता नाही. पुढच्या वेळी लिपिड प्रोफाइल करायला जाताना मात्र डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींत एक वाढवावी : रोज किती कप, आणि कशातून गाळलेली.