लाल पान जेवतं कसं?

शाळेच्या फाटकाशी किंवा सोसायटीच्या कुंपणाला तुम्ही क्रोटन नक्की पाहिलं असेल. लाल, पिवळ्या, केशरी चट्ट्यापट्ट्यांच्या जाड, चकचकीत पानांचं झुडूप! त्याला फुलंही येतात बरं का, पण इतकी बारीक की कुणाचं लक्षच जात नाही. सगळा थाट पानांचा. मूळचं ते इंडोनेशिया, मलेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचं. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत मात्र छान रमलंय.

आता मला सांगा, झाडं अन्न तयार करतात ती हिरव्या हरितद्रव्याच्या जोरावर. मग लालभडक पान उपाशी राहतं का?

मुळीच नाही! हरितद्रव्य त्याच्यातही असतं, फक्त लाल रंगामुळे दिसत नाही. खरं वाटत नाही? मग आईबाबांना सोबत घ्या आणि कोलियस नावाच्या शोभेच्या झाडाचं गडद लाल पान कपभर कडकडीत पाण्यात टाका. थोड्या वेळाने पाणी रंगू लागेल आणि पान हिरवट होत जाईल! लाल रंग असतो अँथोसायनिनचा. पेशीत पाण्याने भरलेली एक पिशवी असते, तिच्यात तो विरघळलेला असतो. गरम पाण्याने पिशवी फुटते आणि रंग बाहेर येतो. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते पानातच राहतं.

सर्वांत मोठी गंमत उन्हाची आहे. क्रोटनची कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर नवी पानं हिरवीच येऊ लागतात. उजेड कमी, म्हणून मिळेल तेवढा पकडायला हरितद्रव्य जास्त लागतं. भरपूर ऊन मिळालं की रंग खुलतात. पिवळ्याधमक डुरांटाच्या कुंपणाच्या फांद्या जरा बाजूला करून पाहा. वरची पानं सोनेरी, आतली सावलीतली हिरवी!

झुडूप बुटकं आणि भरगच्च हवं असेल तर शेंडा खुडायचा. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की बाजूचे डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिला खर्च काहीच नाही. मात्र क्रोटनचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते. त्यामुळे खुडण्याचं काम मोठ्यांकडून करून घ्या, नंतर हात धुवा आणि पान कधीही तोंडात घालू नका.

या पावसाळ्यात एकाच क्रोटनच्या वीतभर लांबीच्या दोन फांद्या दोन कुंड्यांत लावा. मुळं धरली की एक कुंडी उन्हात ठेवा, दुसरी सावलीत. नव्या पानांचे रंग वहीत टिपून ठेवा आणि आम्हाला जरूर कळवा.