योजनेवरचं नाव माहीत आहे, माणूस माहीत आहे का? आमदार दादासाहेब गायकवाड आणि जमिनीचा प्रश्न

परभणीच्या समाजकल्याण कार्यालयात जमिनीसाठी अर्ज करायला येणाऱ्यांच्या तोंडी एक नाव असतं : 'कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना'. अर्ज भरणाऱ्या अनेक तरुणांना दादासाहेब कोण होते, हे मात्र सांगता येत नाही. योजना नीट समजून घ्यायची तर आधी तो माणूस समजून घ्यायला हवा.

सभागृह आणि रस्ता, दोन्हीकडे

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची प्रत्यक्ष धुरा त्यांच्याकडे होती. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी दादासाहेब मुंबई विधिमंडळात निवडून गेले. पुढे 1957 ते 1962 लोकसभेत आणि 1962 ते 1968 राज्यसभेत ते होते. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचं निधन झालं.

पण त्यांचं मोठेपण पदांच्या यादीत नाही. सभागृहात मागून मिळत नाही तेव्हा रस्त्यावर उतरायचं, हे ते शेवटपर्यंत पाळत राहिले. 1959 मध्ये खासदार असतानाच त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. 6 डिसेंबर 1964 पासून तो देशभर पोचला आणि लाखोंनी अटक करून घेतली. मागणी साधी होती : सरकारी पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या.

त्यांच्यावर टीकाही झाली. रिपब्लिकन पक्ष फुटला, त्यात एका गटाचे नेते तेच होते. शेवटच्या काळातला काँग्रेसशी समझोता अनेकांना रुचला नाही. ही बाजूही तरुणांनी वाचावी. मात्र 'जमिनीशिवाय गावात मान नाही' हा त्यांचा मुद्दा खोडता आलेला नाही.

मराठवाड्याला हे का लागू पडतं?

1937 च्या मुंबई विधिमंडळात परभणीचा आवाज नव्हता. आपण निजामाच्या राज्यात होतो. मुंबई राज्यात आलो ते 1 नोव्हेंबर 1956 ला. त्यामुळे इथल्या भूमिहीनांचा आधार राहिला तो गावचं गायरान. सत्याग्रहांच्या रेट्यामुळे सरकारला धोरण ठरवावं लागलं. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं.

इथे पुरावा महत्त्वाचा. गाव नमुना 1-ई मधली नोंद आणि दंडाच्या पावत्या ज्यांनी जपल्या, त्यांचा दावा टिकतो. वर्षानुवर्षं कसूनही कागद नसलेल्यांची वाट अवघड होते. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. पण शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर तो अपवाद होऊ शकतो, असंही त्याच निकालात आहे. नोटीस आली की घाबरून जमीन सोडण्याआधी हा अपवाद वकिलाला दाखवा.

योजना काय देते?

2004 ची ही योजना दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायती किंवा 2 एकर बागायती जमीन देते. 2018 पासून अनुदान शंभर टक्के आहे. दराची कमाल मर्यादा जिरायतीला एकरी 5 लाख, बागायतीला 8 लाख. परित्यक्ता, विधवा आणि अत्याचारपीडितांना प्राधान्य आहे.

अडचण कुठे येते? जमीन सरकार विकत घेऊन देणार, म्हणजे आधी कुणीतरी विकायला तयार हवा. रस्त्याकाठच्या, पाण्याच्या जमिनीचा मालक सरकारी दराला तयार होत नाही. मग प्रस्ताव पडून राहतात, नाहीतर माळरान पदरात पडतं. दादासाहेबांनी विकतच्या जमिनीची मागणी केली नव्हती. त्यांनी सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन मागितली होती. हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आपण काय करायचं?

जयंतीला फोटोला हार घालूच. त्याबरोबर प्रत्येक गावात दोन तरुणांनी तलाठ्याकडून 1-ई ची नक्कल मागावी, कसणाऱ्यांची यादी करावी, पावत्या जमवाव्यात. लेखी अर्जाची पोच घ्यावी. विधानसभेत प्रश्न विचारायला आमदाराला भाग पाडायचं असेल, तर आपल्या हातात आधी गावनिहाय यादी हवी.

जय भीम.