क्रेडिट कार्डवर अनोळखी खर्च दिसला? पहिला तास आणि पुढचे तीन दिवस



व्हिडिओमध्ये आपण कार्डवरच्या फसवणुकीबद्दल बोललो. तिथे काही मुद्दे घाईत झाले, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहून देतोय. लेख सेव्ह करून ठेवा. वेळ आली की शोधत बसायला वेळ नसतो.

आधी एक प्रसंग सांगतो. आपल्या बॅचमधल्या एक ताई घरून केकचा व्यवसाय करतात. मैदा, बटर, बॉक्स, सगळी खरेदी क्रेडिट कार्डवर. एका शनिवारी रात्री मेसेज आला: १८,४०० रुपये, परदेशातली कुठलीशी वेबसाइट. ओटीपी आलाच नव्हता. ताई घाबरल्या. गूगलवर बँकेचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि वर दिसला तोच लावला. समोरचा माणूस अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, पैसे परत करतो, फक्त आलेला ओटीपी सांगा." ताईंनी सांगितला. आणखी ३२,००० रुपये गेले.

शेवटी काय झालं? पहिले १८,४०० परत मिळाले. दुसरे ३२,००० मिळाले नाहीत. कार्ड तेच, रात्र तीच. मग फरक कशामुळे पडला? हे समजलं की अर्धं काम झालं.

नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कोणी सोसायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

- चूक बँकेची असेल, तर तुमची जबाबदारी शून्य.
- चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडूनच माहिती फुटली, आणि तुम्ही मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तरीही जबाबदारी शून्य.
- तेच ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर काही भार तुमच्यावर. कार्डची मर्यादा ५ लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठी असेल तर २५,०००. व्यवहारच त्याहून लहान असेल, तर तेवढीच रक्कम.
- ७ दिवसांनंतर कळवलं, तर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं.
- ओटीपी, पिन, पासवर्ड तुम्हीच कोणाला दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे होईल, ते बँकेचं.

आता ताईंचा हिशोब लावा. पहिल्या व्यवहारात त्यांची चूक नव्हती. दुसऱ्यात ओटीपी त्यांनीच दिला. म्हणजे मोठा फटका बसला तो घाबरून केलेल्या त्या एका फोनमुळे.

मेसेज आला तो दिवस मोजायचा नसतो. शनिवारी रात्री मेसेज आला आणि मध्ये बँकेची सुट्टी नसेल, तर तिसरा कामकाजाचा दिवस बुधवार. पण याचा अर्थ बुधवारपर्यंत निवांत राहा, असा नाही. चोर अनेकदा आधी ५०-१०० रुपयांचा व्यवहार करून कार्ड चालतंय का बघतो आणि मग मोठा हात मारतो. म्हणून छोटी रक्कमसुद्धा सोडू नका.

पहिल्या तासात काय करायचं?

१. कार्ड ब्लॉक करा. बँकेच्या अॅपमधून दोन मिनिटांत होतं. अॅप नसेल तर कार्डच्या मागे छापलेला नंबर लावा. गूगलवर नंबर शोधायचा नाही, मेसेजमधल्या लिंकवर जायचं नाही.

२. फसवणूक कळवायला बँकेने चोवीस तास सोय ठेवलीच पाहिजे. त्यामुळे "सोमवारी ब्रँचमध्ये जाऊन बघू" असं म्हणू नका. तक्रार क्रमांक घ्या आणि वेळेसकट लिहून ठेवा.

३. १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि पोचपावती जपून ठेवा.

४. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा. घाईत काही डिलीट करू नका.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. हा खर्च खरंच अनोळखी आहे का? स्टेटमेंटवर कधी कधी दुकानाच्या पाटीवरचं नाव नसतं, कंपनीचं किंवा पेमेंट गेटवेचं नाव असतं. घरच्यांना, हाताखालच्या माणसाला विचारा. डिझाइनच्या किंवा अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरची फ्री ट्रायल घेऊन विसरलात का? असा खर्च फसवणुकीत बसत नाही. त्यासाठी आधी त्या कंपनीशी बोला, नाही जमलं तर बँकेत डिस्प्यूट टाका. पण या तपासणीत दिवस घालवायचा नाही, दहा मिनिटं पुरे. तरीही शंका राहिलीच, तर आधी कार्ड ब्लॉक करा.

त्याच दिवशी लेखी द्या

फोनवर बोललात तरी ईमेल करा. मजकूर साधाच असू द्या:

"माझ्या कार्डवर (शेवटचे चार अंक…) दिनांक… रोजी… रुपयांचा व्यवहार झाला आहे. तो मी केलेला नाही, कोणाला करण्यास सांगितलेला नाही. मी ओटीपी किंवा पिन कोणालाही दिलेला नाही. फोनवरील तक्रार क्रमांक… आहे. ही रक्कम वादग्रस्त म्हणून नोंदवावी आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तिच्यावर व्याज व दंड लावू नये."

ओटीपी दिला असेल, तर दिला असंच लिहा. खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं, तर खरी तक्रारही कमजोर पडते.

पुढे काय होतं?

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा दाखवायची असते. अंतिम निकाल जास्तीत जास्त ९० दिवसांत. ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. फसवणूक म्हणून नोंदवलेल्या रकमेवर निकालापर्यंत शुल्क लावता येत नाही, हेही रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांत आहे.

३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही.

इथे बरेच जण चुकतात

राग येतो आणि माणूस म्हणतो, "मी पूर्ण बिलच भरत नाही." असं करू नका. जी खरेदी तुमची आहे, तिचे पैसे ठरलेल्या तारखेला भरा. नाहीतर त्यावर व्याज आणि लेट फी लागेल, आणि सिबिल स्कोअर घसरेल तो वेगळाच. उद्या मुद्रा लोनसाठी बँकेत गेलात की अधिकारी आधी तोच स्कोअर बघतो. वादग्रस्त रक्कम बाजूला ठेवल्याचं बँकेकडून लेखी घ्या आणि उरलेलं बिल वेळेत भरून टाका.

आजच करायची तीन कामं

- अॅपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद करा. लागतील तेव्हा चालू करता येतात. अनेक परदेशी साइट्स ओटीपी मागतच नाहीत.
- ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा गरजेपुरती ठेवा.
- कार्डच्या मागचा नंबर आणि १९३० हे दोन्ही आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

ताईंकडे तो नंबर सेव्ह असता, तर ३२,००० रुपये वाचले असते. घरगुती व्यवसायात एवढ्यात महिन्याचा कच्चा माल येतो. लेख बंद करण्याआधी ते दोन नंबर सेव्ह करा, आणि घरात ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांच्याही फोनमध्ये टाका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.