वसंत देसाई आणि शाळेचे समूहगान

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळांच्या परिपाठात म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांपैकी काहींचे मूळ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आहे आणि त्यांच्या चाली संगीतकार वसंत देसाई (१९१२–१९७५) यांच्या आहेत. ज्या साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले, त्यांच्या पुस्तकावरील 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटालाही देसाईंचेच संगीत होते. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधील 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आणि 'गुड्डी' (१९७१) मधील 'हमको मन की शक्ति देना' या प्रार्थना अनुक्रमे भैरवी आणि केदार रागांवर आधारलेल्या असल्या, तरी ताना-हरकती टाळून सोप्या स्वरांत बांधलेल्या असल्यामुळे त्या शाळांनी सहज उचलल्या. शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने एकत्र गायला लावणाऱ्या 'एक सूर, एक ताल' या उपक्रमाशीही देसाईंचे नाव जोडलेले आहे.

पाश्चात्त्य वृंदगानात आवाजांचे चार गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात. मुंबईत १९५६ पासून परांज्योती अकादमीच्या वृंदाने ही पद्धत जोपासली. शाळेतील समूहगान मात्र एकस्वरी, म्हणजे सर्वांनी एकच चाल गाण्याचे असल्याने, तेथे संचालकाचे कौशल्य पट्टी आणि उचल यांत दिसते. पेटीवर सूर फार वर धरला, तर आवाज फुटलेली नववी-दहावीची मुले नुसते ओठ हलवतात आणि फार खाली धरला, तर पाचवीच्या मुलींचा आवाज विरतो, म्हणून मधली पट्टी शोधावी लागते. उचल, म्हणजे ओळीचा नेमका आरंभ, त्याहून अवघड असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जात असल्याने सत्तर मीटर मागे उभ्या असलेल्या रांगेला पेटी सुमारे एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकू येते आणि ती रांग कानावर विसंबली, तर अख्खे मैदान तालातून घसरते. म्हणूनच जाणकार शिक्षक उंचावर उभा राहून हाताने ताल दाखवतो आणि ओळीपूर्वी हात वर नेऊन सर्वांना एकदम श्वास घ्यायला लावतो.

अनेक ठिकाणी आता ध्वनिक्षेपकावर मूळ मुद्रणच वाजवले जाते आणि मुले मुकाट उभी राहतात. मुद्रण चाल शिकण्यासाठी जरूर ऐकवावे, परंतु परिपाठाच्या वेळी ते बंद ठेवून मुलांनाच गाऊ द्यावे, कारण देसाईंनी या चाली सोप्या ठेवल्या आहेत आणि त्या गायला गवयाचा गळा लागत नाही.