सागाचा गाभा

बाभूळ सागाहून कठीण, ऐन सागाहून जड. तरीही वाड्याच्या दारासाठी आणि जहाजाच्या सांगाड्यासाठी आपल्या माणसांनी साग निवडला, कारण साग जागा सोडत नाही. पावसाळ्यातली दमट हवा आणि नंतरचं उन्हाळ्याचं ऊन यांत बहुतेक लाकडं फुगतात, आकसतात, पिळवटतात. नीट मुरलेल्या सागाची चौकट सरळच राहते.

याचं मर्म गाभ्यात आहे. सागावर रंधा मारला की सोनेरी-तपकिरी लाकूड उघडं पडतं. हाताला किंचित मेणचट लागतं आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. गाभ्यातलं नैसर्गिक तेल पाण्याला आत सहज शिरू देत नाही, तर टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीला दूर ठेवतात. या लाकडात सिलिकाही असते, म्हणून सागावर काम करताना पटाशीला वरचेवर धार लावावी लागते. गाभ्याभोवतीच्या फिकट लाकडात मात्र हा टिकाऊपणा नसतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखालच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आला होता. तो कुजला नाही, १८२८च्या आगीत गेला. समुद्रावर तर सागाची खरी परीक्षा झाली. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागाच्या फळ्यांत खिळे पुष्कळ टिकतात. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती युद्धनौका आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईच्या सुतारकामाचा एवढा मोठा पुरावा आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आज चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून हाच साग गेला.

घरासाठी साग घेताना ‘सागवान’ एवढ्या शब्दावर पैसे मोजू नयेत. लागवडीतल्या कोवळ्या झाडात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त निघतं. पॉलिश चढल्यावर हा फरक झाकला जातो, म्हणून फळी कोरी असतानाच तिची टोकं पाहावीत. जुन्या वाड्यांच्या तुळया विकायला येतात, त्याही जरूर पाहाव्यात. त्यांचं पोट आधीच वाळून बसलेलं असतं. फक्त चिरायला टाकण्याआधी सुताराकडून एकूण एक खिळा काढून घ्यावा. आत राहिलेला एखादाही करवतीचे दाते मोडतो.